अमेरिकेत शाकारलेली बोट

इंजिन बंद पडलं तेव्हा आम्ही बरोबर मोठ्या जहाजांच्या वाटेत होतो. एका बाजूला हिरवं पिंप पाण्यात डुलत होतं, दुसऱ्या बाजूला लाल, आणि या दोन पिंपांच्या मधे लहान बोटीने रेंगाळायचं नसतं हे मला कुणी इंग्रजीत सांगायची गरज नव्हती. पुलाकडून एक टग, म्हणजे जहाजं ओढायची-ढकलायची दणकट बोट, येत होता. त्याच्या पुढे बार्ज होतं. बार्ज म्हणजे लोखंडाचं भलंमोठं चपटं खोकं. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, मागून टग ढकलतो. त्याच्या तोंडाखाली पाणी पांढरं होऊन गुंडाळलं जात होतं, आणि ते तोंड सरळ आमच्याकडे होतं. माझा मुलगा प्रकाश किल्ली फिरवत होता. इंजिन कर्र कर्र करायचं, एक उचकी द्यायचं आणि गप्प बसायचं. माझे व्याही अण्णा इंजिनाचं झाकण काढून परातीसारखं मांडीवर घेऊन बसले होते आणि उघड्या इंजिनाकडे चष्म्यातून बघत होते. त्यांची मुलगी, म्हणजे माझी सून मेधा, फोनवर पोलिसांना सांगत होती की आम्ही पाण्यात आहोत. पाण्यात कुठे, असं ते विचारत असावेत, कारण ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, पाण्यात, बोटीत, मधोमध.

टगने भोंगा वाजवला. आखूड, पाच वेळा. पाच म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण कुणी प्रेमाने हाक मारत नाही एवढं कळलं. प्रकाश उठला आणि नांगर उचलायला वाकला. मी नांगराच्या दोरावर पाय ठेवला. म्हटलं, इथे नांगर टाकलास तर इथेच उभे राहू, ओहोटी आहे, निदान ती आपल्याला जरा बाजूला तरी नेईल. तो म्हणाला, "आई, तू बस ना प्लीज." मी बसले. साडीवर नारिंगी जाकीट आवळलेलं, मांडीवर पुऱ्यांचा डबा, आणि भीती वाटायच्या आधी मला राग आला. दोन महिने हे दोन शिकलेले पुरुष त्या इंजिनाशी खेळत होते, आणि त्याचा शेवट हा.

चूक माझी होती. त्या घटकेला मला ते माहीत नव्हतं, पण वाचणाऱ्याने उगाच अण्णांना दोष देत बसू नये म्हणून आत्ताच सांगून टाकते. मी तो दोन महिने दिला होता, तेवढा पुरे.

नात म्हणते, आजी, तू तुझ्या लहानपणाचं लिही, अमेरिकेचं आम्हाला माहीत आहे. पण ही गोष्ट लहानपणाशिवाय सांगता येत नाही, कारण चूक तिथूनच आली. माझ्या वडलांची, आबांची, मच्छीमारीची होडी होती. आधी शिडाची, मी दहा-अकरा वर्षांची असताना तिला मशीन बसलं. पाऊस तोंडावर आला की होडी वर काढायची आणि शाकारायची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांनी वरून पूर्ण झाकून टाकायची, ती नारळी पुनवेपर्यंत. वर काढायच्या दिवशी सगळी आळी दोराला लागायची, बायासुद्धा. खाली ओंडके टाकलेले, त्यांच्यावर चरबी, आणि एकाने आवाज दिला की सगळ्यांनी मिळून ओढायचं. जेवण तिथेच वाळूत. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा, आणि वाळू दाताखाली येणारच. मग लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडायचं. त्याचा वास केसांत आठवडाभर बसायचा आणि शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवायचे. शाळेचं मला फार दुःख नाही, चौथीनंतर सुटलीच.

मशीन आलं तेव्हापासून आणखी एक काम वाढलं, ते माझ्याकडे आलं कारण माझे हात लहान होते. मशिनला जेवढी भोकं तेवढे बोळे. धूर जायची नळी, हवा यायची जागा, टाकीची नळी, पाणी खेचायचं भोक, सगळीकडे जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे मेणात भिजवून गच्च कोंबायचे. नाहीतर आत पाऊस जातो, उंदीर जातात, खेकडे जातात, कुंभारीण माशी मातीचं घर करते. आबांचे दोन नियम होते. प्रत्येक बोळ्याला वीतभर शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, आणि बोळे मोजायचे. नऊ घातले तर नऊ निघाले पाहिजेत. पुनवेच्या आधी मी बोळे काढून त्यांच्यापुढे ओळीने मांडायची आणि ते बोटाने मोजायचे, मग नारळ. एका वर्षी आठच निघाले तर त्यांनी मला संध्याकाळपर्यंत जेवू दिलं नाही. नववा कुत्र्याने पळवला होता, तो खळ्यात सापडला, पण तोवर भात संपला होता.

अमेरिकेत मी गेले ती नवरा वारल्यावर. प्रकाश एडिसनला राहायचा, कंप्युटरच्या नोकरीत होता. घर चांगलं होतं, पण त्याच्या खिडक्या कोणी उघडत नसे आणि बोलायला भिंती. सकाळी दोघं गाड्या घेऊन जायचे ते दिवेलागणीला परत. भारतात फोन करायचा तर कार्डावरचे वीस आकडे दाबायचे, आणि पलीकडून बहीण म्हणायची, काय गं, जेवलीस का, आणि कार्ड संपायचं. मी बांगडे तळले की छतावरची शिट्टी वाजायची. आग लागली असं त्या शिट्टीला वाटायचं. मेधा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायची, एक शब्द बोलायची नाही, पण टॉवेल कसा हलतो त्यावरून सगळं कळायचं. शेवटी तिने मला गॅरेजमधे विजेची शेगडी लावून दिली. ती माहेरची शाकाहारी. स्वतः खात नसताना मासे आणून द्यायची, पिशवी हात लांब धरून आणायची, एवढं मी तिच्या बाजूने लिहून ठेवते.

प्रकाशने बोट घेतली ती ऑफिसातल्या एका म्हाताऱ्याकडून, जुनी, पांढरी, मागे पेट्रोलचं इंजिन लोंबणारी. मला बरं वाटावं म्हणून घेतली असं तो म्हणे. मला विचारलं असतं तर मी खिडकी उघडायला सांगितलं असतं. पण बोट आली आणि उन्हाळाभर आम्ही रविवारी खाडीत जायचो, आणि खरं सांगायचं तर मी नीट श्वास घेतला तो तिथेच. मग थंडी आली. आपल्याकडे होडी पावसात शाकारतात, तिथे थंडीत. प्रकाशने पुस्तक समोर ठेवून सगळं केलं. पेट्रोलमधे टिकायचं औषध घातलं, टाकी गळ्यापर्यंत भरली, इंजिनात तेल फवारलं, खालचं वंगण बदललं, आणि अंगणात गाडीवर चढवून निळ्या ताडपत्रीने बांधली. मी चहा घेऊन बाहेर गेले तर बोटीच्या कुशीला, काठाखाली, एक भोक दिसलं. बोटभर. त्याची जाळी गळून गेलेली. मला वाटलं एखादा स्क्रू पडलाय. कुंभारीण माशी तिकडेही असते, मी छपराखाली तिची घरं पाहिली होती. आत जाऊन एका फाटलेल्या साडीची चिंधी घेतली, देवापुढच्या मेणबत्तीचं मेण वितळवलं आणि बोळा करून कोंबला. स्क्रू ड्रायव्हरने आत लोटला, मूठ टेकेपर्यंत. शेपूट ठेवलं नाही. प्रकाश त्या बोटीला गाडीसारखं पुसायचा, तिला चिंधी लोंबलेली त्याला चालली नसती आणि दहा मिनिटं लेक्चर ऐकावं लागलं असतं. एकच बोळा, त्यात मोजायचं काय. त्याला सांगितलंही नाही. आणि मग चार महिने बर्फ. बर्फात माणूस स्वतःचं नाव विसरतं.

ते भोक टाकीचं होतं. पेट्रोल इंजिनाकडे जाईल तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा टाकीत यायला हवी, ती तिथून येते. हे मला आता माहीत आहे.

वसंतात अण्णा पुण्याहून मुलीकडे तीन महिन्यांसाठी आले. आयुष्यभर कारखान्यात यंत्रांवर काम केलेला माणूस, निवृत्त होऊन पेपर वाचून कंटाळलेला. बोट बघून त्यांचे डोळे असे चकाकले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. ताडपत्री काढली, इंजिनाला बागेचा पाइप लावून पाणी दिलं, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात लागलं. धूर सोडला, मग छान चाललं. अण्णांनी प्रकाशची पाठ थोपटली. रविवारी बोट पाण्यात घातली, धक्क्यापासून निघालो, वेग घेतला, आणि पंधरा मिनिटांत इंजिनाचा आवाज बारीक झाला, रडवेला झाला आणि बंद. एका सालस माणसाने दोर टाकून आम्हाला ओढत परत आणलं. प्रकाश त्याला इतके वेळा थँक्यू म्हणाला की तो माणूस कंटाळला.

तिथून दुरुस्ती सुरू झाली. प्रकाश रोज ऑफिसातून इंटरनेटवरचे कागद छापून आणायचा. कुठल्या कुठल्या लोकांनी आपापल्या इंजिनाबद्दल लिहिलेलं, आणि प्रत्येकाचं म्हणणं निराळं. अण्णा ते कागद फाइलीत लावायचे, तांबड्या पेनने खुणा करायचे. पहिल्यांदा प्लग बदलले. मग फिल्टर. मग कार्ब्युरेटर उघडला आणि त्याचे पितळी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले, साक्षात अंत्यविधीच्या तयारीसारखे. मी दोन हात अंतरावर शेगडीपाशी बसून बांगडे तळत असायची. अण्णा टाकीचं झाकण उघडायचे, वाकून वास घ्यायचे, पेट्रोल शिळं झालंय का बघायला, आणि मग नाक उचलून म्हणायचे, "विहीणबाई, तुमच्या बांगड्यापुढे पेट्रोलचा वास येतच नाही हो." मी म्हणायची, मग अंगणात जाऊन हुंगा. झाकण पुन्हा गच्च लावायचे, इंजिन सुरू करायचे, आणि ते चालायचं. म्हणजे प्लगचा दोष होता, असं ठरायचं. पुढच्या रविवारी खाडीत पुन्हा तेच. तिथेही बंद पडलं की अण्णा आधी टाकी उघडून आत पेट्रोल आहे ना ते बघायचे, झाकण लावायचे, मग एखादी तार हलवायचे आणि इंजिन लागायचं. म्हणजे तारेचा दोष. असे एका इंजिनाचे सहा दोष निघाले आणि सहाही दुरुस्त झाले. झाकण उघडण्याने ते लागतं हे तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी स्वतःला त्यात धरते.

मी बोलले नाही असं नाही. मी म्हटलं, त्याचा आवाज तहानलेल्या मशिनसारखा आहे, आबांच्या मशिनची नळी तुंबली की असाच यायचा. अण्णांनी समजावलं की ते डिझेल होतं, हे पेट्रोल आहे, त्याचं शास्त्र वेगळं. प्रकाश म्हणाला, "आई, फ्युएल लाइन मी चेक केलीय, क्लिअर आहे." मी बांगडा उलटला. साठीच्या बाईला गप्प करायला एवढं पुरतं, ती चौथी शिकलेली असली की. मेधाचं म्हणणं एकच होतं, बोट विकून टाका आणि गॅरेजमधे मला माझी गाडी लावू द्या. तिघांचेही चेहरे तेव्हा सारखेच पडायचे.

अण्णांचं परत जायचं आठ दिवसांवर आलं तेव्हा त्यांनी शेवटचा निकाल दिला, की पेट्रोलच शिळं आहे. दोघांनी नळी घालून टाकी उपसली. सकाळी पंपावर नवीन भरायला गेलो तर पंपाची नळी सारखी खट्कन बंद व्हायची आणि पेट्रोल तोंडातून बाहेर उडायचं. प्रकाशची पँट भिजली. पंप बिघडलाय, असं दोघांनी ठरवलं. थेंब थेंब करत टाकी भरली, आणि मेधालाही गाडीत घातलं, कारण अण्णांना आपलं इंजिन चालताना तिला दाखवायचं होतं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, कैरीचं लोणचं घेतलं, ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानातली, सुरकुतलेली, पण कैरी होती. टाकी नुकतीच भरलेली असल्यामुळे त्या दिवशी ती उघडून बघायचं कुणालाच कारण नव्हतं.

तर तिथे आम्ही होतो, दोन पिंपांच्या मधे.

प्लास्टिकचं एक वल्हं होतं, ते घेऊन मी पाणी मारायला लागले. एका वल्ह्याने तेवढी जड बोट जागच्या जागी फिरते, पुढे जात नाही. फिरली. आता बार्ज माझ्या समोर आलं. त्याच्या कडेवरचा गंज दिसायला लागला होता, आणि त्याचा आवाज ऐकू येण्याऐवजी बुडाखालून पायाला लागत होता. मेधाने फोन खाली ठेवला आणि जाकिटाचे पट्टे आवळले, आधी स्वतःचे, मग वडलांचे. अण्णा पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबत होते. इंजिन सुरू करायच्या आधी तो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं असतं. तो चपटा झाला होता. हात काढला तरी चपटाच, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा. अण्णा म्हणाले, हा फुगाच गेला, नवीन आणायला हवा. त्या माणसाला बार्ज दिसत होतं, तरी तो आठवा दोष शोधत होता.

मी फुग्याकडे बघत राहिले. मला आठवला तेलाचा डबा. मोठा पत्र्याचा डबा, दुकानातून आणलेला. एकच भोक पाडलं तर तेल दोनदा भक्‌ करून पडतं आणि मग थांबतं, कितीही वाकडा करा. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचं, वारा जायला. हे मला कुणी शास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला ते माहीत असतं.

"प्रकाश, किल्ली दे," मी म्हणाले. टाकीचं झाकण चपटं असतं, दोन खाचांचं, ते उघडायची लहान किल्ली त्याने इंजिनाच्याच जुडग्यात अडकवलेली होती.

"आई, आता नको. बस तू."

"टाकी उघडायचीय."

अण्णा म्हणाले, "विहीणबाई, टाकी भरलेली आहे. सकाळी तुमच्यासमोर भरली."

"भरलेली असू दे. आत वारा कुठून जाणार?"

प्रकाश पुन्हा किल्ली फिरवत होता आणि बॅटरीचा आवाज बसत चालला होता, म्हणजे आणखी तीन-चार वेळा, मग तीही संपणार. मी हात घातला आणि फिरवलेली किल्ली उलटी करून उपसून काढली. त्याने माझं मनगट धरलं. जोरात धरलं, बांगडी पिचली. माझ्या मुलाने माझ्यावर हात टाकला तो आयुष्यात तेवढाच, आणि मीही त्याला त्या वयात कोपर मारलं ते तेवढंच. गुडघ्यावर बसून लहान किल्लीच्या दोन खुंट्या झाकणाच्या खाचांत घातल्या. पहिल्यांदा घसरल्या. मग बसल्या आणि झाकण फिरलं.

कुकरची शिट्टी उचलल्यावर येतो तसा आवाज आला, पण उलटा, आत जाणारा. लांबलचक. अण्णांच्या हातातला फुगा पट्‌कन गोल झाला. त्यांनी फुग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एवढं श्रेय त्यांना देते, की पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. मांडीवरचं झाकण त्यांनी काठावर टाकलं आणि दोन्ही हातांनी फुगा पिळायला लागले. मी किल्ली प्रकाशकडे फेकली. अण्णा म्हणाले, "आता मार."

पहिल्यांदा कर्र झालं. दुसऱ्यांदा लागलं, निळा धूर, आणि मग तो भरलेला आवाज, जो दोन महिन्यांत मी अंगणातसुद्धा ऐकला नव्हता. प्रकाशने एकदम वेग दिला, मी पुऱ्यांच्या डब्यावर पडले. हिरव्या पिंपाच्या पलीकडे गेलो आणि मागून बार्ज गेलं. रस्त्याच्या या घरापासून समोरच्या घरापर्यंत असेल, एवढ्या अंतरावरून. फार वेळ जात होतं. टगवरचा एक माणूस बाहेर येऊन दोन्ही हात वर करून काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही ते बरं झालं. मग त्याची लाट आली, बोट एका बाजूला झोपली आणि उठली, सगळे भिजलो, आणि इंजिनाचं झाकण काठावरून घसरून पाण्यात गेलं. मेधाने फोन उचलून पोलिसांना सांगितलं की आता यायची गरज नाही. ते तरीही आले, आणि त्यांनी प्रकाशला बरंच काही लिहून दिलं.

पलीकडे उथळ पाण्यात थांबलो. मग प्रकाशने विचारलं, तुला कसं कळलं. मी डब्याचं सांगणार होते. सांगता सांगता काठावरून खाली बघितलं, त्या दोन भोकांतलं दुसरं कुठे आहे ते बघायला, आणि मला ते दिसलं. मेण अजून चकाकत होतं.

गप्प बसले असते तर त्या दिवशी मी शहाणी ठरले असते. अण्णांनी पुण्यात सगळ्यांना सांगितलं असतं. हे लिहिताना कबूल करते की तेवढा विचार माझ्या मनात येऊन गेला, एक घोट पाणी पिण्याइतका वेळ. पण आबांचे नऊ बोळे डोक्यात होते.

"इथे माझा बोळा आहे," मी म्हणाले. "थंडीच्या आधी मीच कोंबलाय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसायला कोरडं काही नव्हतं, तसाच परत लावला. "कोंबलाय म्हणजे किती आत?"

"स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीपर्यंत."

"दोन महिने मी कार्ब्युरेटर उघडतोय, विहीणबाई."

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"काय विचारायला हवं होतं? की बाई, बोटीत साडी कोंबलीय का?"

"मला वाटलं माशी जाईल."

"नाही ना गेली," अण्णा म्हणाले. "काम चोख आहे. माशी नाही, पाणी नाही, वारा नाही."

मेधा इतका वेळ केस पिळत होती. ती माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, या बोटीत तुम्ही अजून कुठे कुठे काय कोंबलंय, ते आत्ता सांगा." मी म्हटलं, एकच. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की, एकच होता म्हणून तर मोजला नाही. मग तिने दोघा पुरुषांना सांगितलं की टाकीचं झाकण आज कुणी लावायचं नाही, धक्क्यापर्यंत उघडं राहील, आणि कुणी विडीकाडी काढली तर तिथेच उतरवीन. अण्णांनी सिगारेट सोडून वीस वर्षं झाली होती, पण त्यांनी मान हलवली. पुऱ्या भिजल्या होत्या. तरी खाल्ल्या.

बोळा मी दुसऱ्या दिवशी काढला, लोकर विणायच्या आकडीने, अर्धा तास लागला. मेण दगडासारखं झालं होतं आणि साडीचा रंग पेट्रोलने खाल्ला होता. प्रकाश चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला ते शेगडीवर काय आहे हे विचारायला. माझ्या मनगटाकडे त्याने बघितलं आणि मी हात पदराखाली घेतला, कारण त्याच्यावर बोलायची मला अजिबात इच्छा नव्हती. त्यानंतर दर थंडीत तो एक कागद करायचा, कुठे काय बांधलं, कुठे काय घातलं, आणि खाली माझी सही घ्यायचा. मी मराठीत सही करायची. त्याची मला चीड यायची आणि अजूनही येते, पण कागद बरोबर होता.

आता आम्ही अ‍ॅशबर्नला असतो. इथे समुद्र नाही, नुसत्या खिडक्या नसलेल्या लांबलचक इमारती, ज्यांत कंप्युटर ठेवतात. इकडे यायच्या आधी बोट विकली. घेणाऱ्याने इंजिनाचं झाकण नवं का आहे ते विचारलं तेव्हा प्रकाशने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, जुनं खराब झालं होतं. माझी नात म्हणते की मी ही गोष्ट दरवेळी वेगळी सांगते, एकदा बार्ज दहा हातांवर असतं, एकदा शंभर. असेल. मी काही मोजायला खाली उतरले नव्हते. अण्णा पुण्याहून फोन करायचे तेव्हा पहिला प्रश्न बोटीचा असायचा आणि दुसरा मी काय कोंबलं याचा. ते त्यानंतर अकरा वर्षांनी वारले, म्हातारपणाने, घरी, बिछान्यात.

त्या दिवशी बोटीत आम्ही चौघं होतो. प्रकाश, मेधा, अण्णा आणि मी. चौघंही आपापल्या पायांनी धक्क्यावर उतरलो.